वसियतीचा एक तृतीयांश

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. छपाईसाठी देताना काही ठिकाणी भर घातली आहे.)



अशा प्रसंगी शिक्षकाने मुलांच्या अभ्यासाविषयी चार शब्द बोलावेत अशी सर्वांची अपेक्षा असते. मी मात्र वारसा, वसियत आणि हिबा या विषयावर बोलावयास उभा आहे. विषय समजला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, बक्षीस समारंभाच्या दिवशी मरणाच्या गोष्टी कशाला?" त्यांना दिलेले उत्तर आपणासही देतो. वर्गातला एखादा मुलगा एकाएकी यावयाचा बंद होतो. चौकशी करावी तर कळते की वडील आधीच वारले होते, आता आजोबाही वारले, चुलत्यांनी जमीन वाटून घेतली आणि आई मुलाला घेऊन माहेरी गेली. दाखला काढताना आपण कारण लिहितो, 'आर्थिक परिस्थिती'. मला विचाराल तर त्या मुलाच्या आजोबांनी एक कागद लिहावयाचा राहिला, हे खरे कारण असते.

मी वकील नाही आणि मौलवीही नाही. बी. ए., बी. एड. झालेला एक शिक्षक आहे. जे सांगणार आहे त्यातले काही पुस्तकात वाचलेले, काही जाणत्यांना विचारून घेतलेले आणि काही घरात भोगलेले आहे. आपल्या प्रकरणात पाऊल टाकण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावाच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या माळशिरस तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या आपण मराठा, धनगर, माळी शेजाऱ्यांच्या बांधाला बांध लावून राहिलो. त्यामुळे त्यांच्या कुटुंबाची रीत ती आपलीही, असे आपण धरून चालतो. जुन्या सात-बारावर आपल्या आडनावापुढेही 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा कित्येक ठिकाणी सापडतो. मुसलमानी कायद्यात एकत्र कुटुंबाची मालमत्ता ही वस्तूच नाही. मुलाला जन्मामुळे वडिलांच्या जमिनीत हक्क मिळत नाही. मग ती जमीन आजोबांकडून आलेली असो की वडिलांनी घाम गाळून घेतलेली असो. बाप जिवंत असेतो मालक तो एकटा. त्याचा श्वास थांबला त्या क्षणी सारे वारस आपापल्या हिश्शाचे एकदम मालक होतात. तलाठ्याने (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नोंद केली म्हणून कोणी मालक होत नाही आणि नोंद राहिली म्हणून कोणाचा हक्कही बुडत नाही. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमिनीचा प्रश्न बाजूला ठेवला होता, हे खरे. तरी आपल्याकडे शेतजमिनीचे वाटपही शरियतप्रमाणेच धरले जाते आणि वेगळी रूढी सांगणाऱ्याला ती कोर्टात सिद्ध करावी लागते.

मयताच्या मिळकतीतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत आणि उरलेल्यात वारस, असा क्रम आहे. कर्जात सोसायटीचे पीककर्ज येते तसा बायकोचा न दिलेला महरही येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विधवेचा महर हे देणे आहे. ते फेडल्यावर तिचा वारसाचा हिस्सा आणखी वेगळा मिळावयाचा असतो.

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमची सहा एकर जमीन, कालव्याचे पाणी असलेली. म्हणजे २४० गुंठे. अब्बांना आम्ही तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरले भाईजान टेंपो चालवीत. अब्बा हयात असतानाच ते अपघातात गेले. मागे भाभी आणि बारा वर्षांचा एक मुलगा. त्यानंतर चार वर्षांनी अब्बा गेले.

त्या चार वर्षांत अब्बांचा जीव या नातवात गुंतला होता. त्याला घेऊन ते विहिरीवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत, "याच्या बापाचा वाटा याला मिळाला पाहिजे." मी हे शब्द अनेकदा ऐकले. मी शिकलेला होतो. नातवासाठी वसियत लिहून ठेवता येते हेही मला माहीत होते. पण म्हाताऱ्या बापापुढे मरणाचा कागद ठेवावयाचा कसा? त्यांना वाटेल, पोरगा माझ्या मरणाची वाट पाहतो. आज बोलू, उद्या बोलू, या रमजाननंतर बोलू, असे करता करता अब्बा गेले.

वारस नोंदीच्या वेळी नातवाचेही नाव घातले गेले. त्यात नवल नव्हते. हिंदू वारसा कायद्यात, १९५६ पासून, आधी वारलेल्या मुलाची मुले बापाच्या जागी उभी राहतात आणि गावात बहुतेक नोंदी तशाच होतात. माझ्या मधल्या भावाने त्या नोंदीला हरकत घेतली. नाव निघाले. भावावर मी पुष्कळ दिवस रागावलो होतो. पण कायदा त्याच्या बाजूचा होता, हे मला कबूल केले पाहिजे. आपल्या हनफी मताप्रमाणे जवळचा वारस दूरच्याला मागे सारतो. मुलगा हयात असेल तर नातू वारस होत नाही. विधवा सून तर सासऱ्याची वारस कधीच नसते. तिचा हक्क फक्त नवऱ्याच्या मिळकतीत, आणि भाईजानच्या नावावर टेंपो आणि टेंपोचे कर्ज एवढेच होते.

"अब्बा तोंडाने बोलले होते ना?" असे आपण विचाराल. मीही तेच विचारले. मुसलमानाची वसियत तोंडीसुद्धा चालते, हे खरेच आहे. पण ती सिद्ध करण्याचे ओझे फार जड असते. भाऊ म्हणाला, "अब्बा बोलले ते मायेने बोलले, ती वसियत नव्हे." मी आठवू लागलो. किती गुंठे म्हणाले? कोणत्या गटातले? कोणत्या दिवशी, कोणासमोर? मला शपथेवर एकही गोष्ट सांगता येईना. भाभी फलटणला माहेरी गेली. मुलगा अकरावीत होता. त्याने शाळा सोडली आणि गॅरेजात कामाला लागला. शिक्षकाचा पुतण्या!

पुढे मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. २४० गुंठ्यांत अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे ३० गुंठे. उरले २१०. ते मुलाला दोन व मुलीला एक या प्रमाणात वाटावयाचे. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण, म्हणजे पाच भाग. बहिणीला ४२ आणि आम्हा भावांना प्रत्येकी ८४. भाईजान हयात असते तर भाग सात झाले असते. बहिणीला ३० आणि आम्हा तिघांना प्रत्येकी ६०. म्हणजे ज्याला अब्बा 'याच्या बापाचा वाटा' म्हणत तो होता ६० गुंठे. आणि अब्बांना वसियतीने देण्याची मुभा किती होती? एक तृतीयांश, म्हणजे ८० गुंठे! पुरता वाटा देऊन वर वीस गुंठ्यांची मुभा शिल्लक राहत होती. शरियतने दार बंद केले नव्हते. आम्हीच ते उघडले नाही. हे गणित मी आठवीच्या वर्गालाही नावे न सांगता घातले होते. मुलांनी ते भराभर सोडवले आणि एका मुलीने विचारले, "सर, मग त्या आजोबांनी लिहिले का नाही?" मी फळा पुसला.

वाचकहो, हा एक तृतीयांश कशासाठी आहे याचा विचार आपण करीतच नाही. हदीसमध्ये साद इब्न अबी वक्कास यांची हकिकत आहे. आजारात त्यांना आपली बहुतेक सारी मालमत्ता दान करावी असे वाटले. पैगंबरसाहेबांनी ते मान्य केले नाही, अर्धीही मान्य केली नाही. एक तृतीयांशापर्यंत आले आणि तेही पुष्कळ आहे असे म्हणाले, कारण वारसांना दुसऱ्यापुढे हात पसरावयास लावून जाणे बरे नाही. म्हणजे दोन तृतीयांश हे वारसांचे. तिथे आपला हात चालत नाही. एक तृतीयांशात मात्र लेखणी आपल्या हाती दिली आहे. ज्याच्यापर्यंत वारसाचे गणित पोहोचत नाही त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ती आहे, असे मला वाटते. कुराणातील सूरे निसाच्या आठव्या आयतीतही वाटपाच्या वेळी हजर असलेल्या नातलगांना, यतिमांना, गरिबांना त्यातून काही द्यावे, त्यांच्याशी गोड बोलावे, असा आदेश आहे. आम्ही वाटपाच्या दिवशी भाभीला चहा करावयास सांगितले होते.

इतर मुस्लिम देशांनी या नातवाचा प्रश्न कधीच हाती घेतला. इजिप्तमध्ये १९४६ च्या कायद्याने असे ठरविले की आजोबांनी यतीम नातवासाठी वसियत केली नसेल तर ती केली आहे असेच समजावयाचे, मर्यादा एक तृतीयांशाची. पाकिस्तानात १९६१ च्या वटहुकुमाने नातवाला थेट बापाच्या जागी उभे केले. त्यावर तेथील उलेमांत बराच वाद झाला. आपल्याकडच्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात यांपैकी काहीच नाही. म्हणून आपल्याकडे सारी जबाबदारी त्या आजोबांवर किंवा आजीवर येते.

वसियत लिहिणे किती सोपे आहे हे ऐकून आपणास आश्चर्य वाटेल. साधा कोरा कागद चालतो. स्टॅम्प लागत नाही. मुसलमानाच्या वसियतीला साक्षीदार असलेच पाहिजेत असेही नाही. पण साक्षीदार नसतील तर माझ्यासारखी गत होते. म्हणून ज्यांना त्या वसियतीतून काही मिळावयाचे नाही असे दोन साक्षीदार घ्या, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहा, तारीख घाला आणि जमल्यास दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोंदणी सक्तीची नाही आणि तिला मुदतही नाही. विचार बदलला तर ती फाडून दुसरी करता येते. मरेपर्यंत मालक आपणच असतो. ज्यांना वाटते की कागद केला की मुले दुसऱ्या दिवसापासून विचारणार नाहीत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एक चूक मात्र शिकलेले लोकही करतात. "दुकान थोरल्याला, घर धाकट्याला, मुलीला दागिने" अशी वसियत करतात. सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे केलेली वसियत बाकीचे वारस मृत्यूनंतर संमती देतील तरच चालते. बाप जिवंत असताना घेतलेली संमती उपयोगाची नाही. एक तृतीयांशापेक्षा जास्त दिले तर त्यालाही हीच संमती लागते. (शिया मताप्रमाणे एक तृतीयांशाच्या आत वारसालाही देता येते, पण आपल्या भागात तो प्रश्न क्वचितच येतो.) थोडक्यात, मुलगा, मुलगी, बायको यांची नावे वसियतीत घालून आपण त्यांच्यात भांडणाचे बी पेरतो. त्यांची काळजी शरियतने आधीच घेतली आहे. वसियतीत नाव घालावयाचे ते नातवाचे, सुनेचे, मांडीवर वाढवलेल्या परक्या मुलाचे. कारण दत्तक मुलगा आपल्या कायद्याने वारस होत नाही.

बँकेत वा पतसंस्थेत नॉमिनी म्हणून कोणाचे तरी नाव घातले की झाले, असेही काहीजण समजतात. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा. ते त्याने वारसांना वाटावयाचे असतात. कंपन्यांच्या शेअरबाबतही नॉमिनी मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सांगितले. तो वाद मुंबईच्या एका मराठी घराण्यातलाच होता.

आता बहिणीविषयी बोलतो. हा विषय कडू आहे, तरी सांगितलाच पाहिजे.

आपण मशिदीत म्हणतो की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी मुलीला वारसा दिला. खरे आहे. पण चावडीवर आपण काय करतो? वडील वारल्यावर बहिणीला बोलावतो, साडी-चोळी करतो, जेवू घालतो आणि हक्कसोड पत्रावर सही घेतो. ती सही करते, कारण तिला माहेर हवे असते. ईदला भावाने दार उघडावे एवढ्यासाठी ती ४२ गुंठ्यांवर पाणी सोडते. मराठ्यांत, धनगरांतही हेच चालते असे कोणी म्हणेल. चालते. पण आपल्याला कुराणाचा हवाला देऊन मिरवावयाचे असेल तर शेजाऱ्याची रीत पुढे करता येणार नाही.

रूढीने मुलीचा हिस्सा गिळल्याचा सर्वांत गाजलेला खटला आपल्याच महाराष्ट्रातला, मुंबईचा आहे. १८४७ साली खोजा आणि मेमन समाजातील मुलींनी वडिलांच्या मिळकतीत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या समाजांत मुलींना वारसा न देण्याची रूढी आहे आणि ती कुराणाविरुद्ध असली तरी कोर्ट तीच मानणार. मुली हरल्या. पुढे नव्वद वर्षे अशा निकालांची सावली राहिली. १९३७ चा शरियत कायदा आला त्यामागे मुस्लिम स्त्रियांच्या संस्थांनी रूढीच्या कायद्याविरुद्ध उठविलेला आवाज हेही एक कारण होते. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच तसे नमूद आहे. कच्छी मेमनांसाठी १९३८ साली वेगळा कायदा झाला. हे सारे मी माथेरानला जन्मलेले आसफ फैजी यांच्या पुस्तकात वाचले तेव्हा वाटले, त्या मुलींनी कोर्टात गमावलेले कायदेमंडळाने परत मिळवून दिले, आणि आपण ते हक्कसोड पत्रावर पुन्हा घालवतो आहोत.

वडील जिवंत असतानाच मुलीकडून 'माझा काही हक्क नाही' असे लिहून घेण्याचीही पद्धत आहे. त्या कागदाला मुळात अर्थ नाही, कारण बाप जिवंत असताना तिच्याकडे सोडावयाला हक्कच नसतो. मात्र त्या बदल्यात तिने रोख रक्कम घेतली असेल तर पुढे ती आपला शब्द फिरवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली गुलाम अब्बास खटल्यात ठरविले आहे. बहिणींनो, पैसे घेऊन सही करण्यापूर्वी हिशोब करा.

मुलीला टाळण्याचे आणखी मार्गही निघाले. एक म्हणजे सारी मिळकत कुटुंबाच्या नावे वक्फ करणे. प्रिव्ही कौन्सिलने १८९४ साली असे कौटुंबिक वक्फ रद्द ठरविले. १९१३ साली जीनांनी मांडलेल्या विधेयकाने ते पुन्हा वैध झाले. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याबद्दल उलटसुलट पुष्कळ बोलले गेले आणि त्यातील काही कलमे सर्वोच्च न्यायालयाने स्थगितही केली; पण त्यात एक वाक्य असेही आहे की कौटुंबिक वक्फामुळे स्त्री वारसांचा हक्क नाकारला जाता कामा नये. त्या एका वाक्याला माझा पाठिंबा आहे. दुसरा मार्ग हिबाचा. बापाने जिवंतपणी सर्व जमीन मुलांना बक्षीस देऊन टाकावयाची. कायद्याने हे चालते. हिबाला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. मरणाच्या आजारात केला तरच ती लागते. पण एका बापाने एकाच मुलाला देणगी दिली तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्याला बाकीच्या मुलांनाही असेच दिले का म्हणून विचारले आणि त्या व्यवहाराला साक्षी राहण्याचे नाकारले, ही हदीस हिबा लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी ऐकावी.

तोच हिबा चांगल्या कामीही येतो. ज्यांना मुलीच आहेत त्यांच्या पश्चात मुलींना मिळून दोन तृतीयांश (एकच असेल तर निम्मे), बायकोला आठवा आणि उरलेले बहुधा मयताच्या भावाकडे जाते. यामुळे केरळमधील एका वकिलाने २०२३ साली आपल्याच बायकोशी स्पेशल मॅरेज अॅक्टखाली पुन्हा लग्न नोंदविले, तीन मुलींना सर्व मिळावे म्हणून. एवढ्या टोकाला जाण्याची गरज नाही असे मला वाटते. राहते घर जिवंतपणी मुलींना हिबा करून देता येते. फक्त हिबाला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने दिले म्हणावे, घेणाऱ्याने घेतले म्हणावे आणि ताबा द्यावा. ताबा दिला नाही तर नुसता नोंदणीचा कागद पुरत नाही. उलट तिन्ही झाले तर नोंदणी नसली तरी हिबा पक्का होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हफीजा बीबी खटल्यात सांगितले. तरी नोंदणी करावी. फेरफाराच्या वेळी कटकट वाचते. आणि म्हाताऱ्या माणसाने सारे देऊन टाकताना सांभाळ करण्याची अट त्याच कागदात लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे अट मोडल्यास दिलेले परत मागता येते.

आता संस्थेचा विषय. वसियतीतला काही भाग शाळेला द्यावा असे आवाहन मी करावे, अशी पदाधिकाऱ्यांची इच्छा असणार. हुगळीचे हाजी महंमद मोहसिन यांचे नाव आपण ऐकले असेल. १८०३ साली त्यांची सावत्र बहीण मन्नूजान वारली आणि तिची जमीनदारी त्यांच्याकडे आली. १८०६ साली त्यांनी ती सर्व वक्फ केली. १८१२ साली ते वारले. १८३६ साली त्याच पैशातून हुगळीचे कॉलेज निघाले आणि बंगालमधील कितीतरी गरीब मुले शिकली. एका बहिणीच्या मिळकतीतून कॉलेज उभे राहिले, हे मला विशेष वाटते. तेव्हा ज्यांच्या घरी यतीम नातू नाही, विधवा सून नाही, त्यांनी शाळेला जरूर द्यावे. पण ज्यांच्या घरी तो नातू आहे त्यांनी आधी त्याचे नाव लिहावे आणि उरल्यास शाळेचे. पदाधिकाऱ्यांनी मला क्षमा करावी.

तसेच मशिदीची, दर्ग्याची इनाम जमीन सात-बारावर मुजावराच्या नावे दिसते म्हणून ती वारसांत वाटावयाची नसते. ती देवस्थानची आहे. आपल्या एक तृतीयांशात तिला धरू नका.

आमच्या घरच्या गोष्टीचा शेवट राहिला. वाटप तहसीलमधून करून घेतले, हद्दी कायम झाल्या. आधी वाटप आणि मग हिबा, हा क्रम महत्त्वाचा. न वाटलेल्या जमिनीतला हिस्सा हिबा केला की शंका निघतात. पुतण्या अठरा वर्षांचा झाल्यावर अम्मीने आपले ३० गुंठे त्याला दिले. वसियतीने दिले असते तर दहाच देता आले असते, कारण तिचीही मर्यादा एक तृतीयांशाचीच. सांभाळाची अट मी कागदात घातली तेव्हा अम्मी रागावली, तरी घातली. तिच्या लगतचे माझे २० गुंठे मी दिले. बहीणही दहा द्यावयास तयार होती. साठाचा हिशोब तिथेच पुरा झाला असता आणि क्षणभर मला मोहही झाला. मग वाटले, भावांच्या घरातली उणीव भरण्यासाठी पुन्हा बहिणीच्याच ४२ मधून कापावयाचे? मी तिला नको म्हणालो. तिचे क्षेत्र तिच्या नावावर आहे आणि तिने ते खंडाने दिले आहे. मधल्या भावाने काही दिले नाही. त्याने द्यावेच असा कायदा नाही. आम्ही एकमेकांकडे जातो-येतो.

नोंदीच्या बाबतीत एवढेच सांगतो की माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांनी कळवावयाचे असते. २०२५ साली महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयतांची नावे कमी करून वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले, ते चांगले झाले. मोहिमेत वा एरवी नोंद झाली तर फेरफार स्वतः वाचा आणि त्यात आई आणि बहीण आहे का ते पाहा. 'वारस नाही' किंवा 'हक्क सोडला' असे लिहिले असेल आणि तिने सोडला नसेल, तर नोटिशीची मुदत संपण्याच्या आत लेखी हरकत द्या.

साठातले दहा गुंठे अजून बाकी आहेत. मी सदतीस वर्षांचा आहे. लोक म्हणतात, एवढ्यात कसली वसियत? भाईजान गेले तेव्हा त्यांचे वय माझ्याहून फार जास्त नव्हते. मागच्या शाबानमध्ये मी एक कागद लिहिला. पुतण्याच्या ५० गुंठ्यांना लागून असलेले दहा गुंठे त्याला, गट नंबर आणि दिशेसह. माझ्या तिसऱ्या हिश्शाच्या ते पुष्कळ आत बसतात. बायकोचा महर किती द्यावयाचा राहिला आहे तेही त्यातच लिहिले आहे. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांच्या साक्षी आहेत. एक हिंदू, एक मुसलमान. मूळ प्रत घरी कपाटात आहे, दुसरी बहिणीकडे. पुतण्याला अजून सांगितलेले नाही. तो सध्या त्या पन्नास गुंठ्यांत डाळिंबाचे खड्डे घेतो आहे आणि बारावीचा फॉर्म बाहेरून भरला आहे.